गिळलेले मारोर

काही महिन्यांपूर्वी एका महाविद्यालयात भरलेल्या चर्चासत्राला आम्ही श्रोते म्हणून उपस्थित होतो. विषय होता धर्म, अन्न आणि साहित्य. एका अभ्यासकाने यहुदी सणांतील खाद्यपदार्थांच्या आध्यात्मिक प्रतीकात्मकतेवर निबंध वाचला आणि निबंधाच्या मध्यावर पडद्यावर एक तक्ता झळकला. रकाने तीन : सण, पदार्थ, अर्थ. रोश हशाना, म्हणजे यहुदी नववर्ष. मधात बुडवलेले सफरचंद. गोड वर्षाची प्रार्थना. वल्हांडण, मात्झा, म्हणजे बेखमीर भाकर, नम्रता. पुन्हा वल्हांडण, मारोर नावाची कडू भाजी, मिसर देशातील दास्याचा कडूपणा. हरोसेत नावाचे फळे व सुकामेव्याचे घट्ट मिश्रण. गुलामांनी मळलेला विटांचा चिखल. हनुक्का, तळलेले पदार्थ, मंदिरातील दिव्याच्या तेलाचा चमत्कार. तक्ता दिसताच सभागृहातल्या निम्म्या श्रोत्यांनी मोबाइल उंचावून त्याची छायाचित्रे घेतली. पुढच्या वर्षी हाच तक्ता उत्तरपत्रिकांतून परत येणार, हे आम्हांला तेव्हाच कळून चुकले.

चर्चेच्या वेळी मागच्या रांगेतल्या एका विद्यार्थिनीने विचारले, "मग कोकणातल्या बेने इस्राएलांचा मलिदा या तक्त्यात कुठे बसतो?" उत्तर आले की, ते स्थानिक प्रभावाचे उदाहरण आहे, मूळ प्रतीकव्यवस्थेशी त्याचा संबंध नाही. अध्यक्षांनी मान डोलावली. चहाची वेळ झाली होती. कबूल केले पाहिजे की, आम्हीही गप्प बसलो. प्रस्तुत लेख त्या गप्प बसण्याची भरपाई आहे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. त्या तक्त्यातील नोंदी खोट्या नाहीत. बहुतेक प्रत्येक नोंदीला कुठल्या ना कुठल्या ग्रंथात आधार सापडेल. चूक आहे ती तक्ता करण्यातच. पदार्थ म्हणजे कुलूप आणि अर्थ म्हणजे त्याची एकुलती एक किल्ली, अशी जी समजूत त्या तीन रकान्यांमागे आहे, ती यहुदी परंपरेने स्वतः कधी बाळगलेली नाही. उलट, सणाच्या ताटातील पदार्थाचा अर्थ एका जागी ठरू नये, त्याबद्दल दरवर्षी पुन्हा बोलावे लागावे आणि बोलण्याआधी तो खावा लागावा, अशीच व्यवस्था त्या परंपरेने शतकानुशतके जोपासली आहे.

हरोसेतपासूनच सुरुवात करू, कारण तक्त्यात त्याचा अर्थ सर्वांत निःशंकपणे लिहिलेला होता : चिखल. मिश्ना या इ.स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या धर्मसंहितेत वल्हांडणाच्या ताटातील पदार्थांत हरोसेतचा उल्लेख येतो आणि लगोलग मतभेदही नोंदवला जातो. ते खाणे धर्मकर्तव्य नव्हे, असे एक मत; ते कर्तव्यच आहे, असे दुसरे. पुढे ताल्मुदात या मतभेदावर चर्चा होते. कर्तव्य नसेल तर ते ताटात कशाला? तर कडू भाजीतील अपायकारक रसावर उतारा म्हणून. म्हणजे एका मतानुसार हरोसेत हे प्रतीकच नव्हे, निव्वळ औषध आहे! आणि कर्तव्य असेल तर कशासाठी? रब्बी योहानान म्हणतात, चिखलाच्या आठवणीसाठी. रब्बी लेवी म्हणतात, सफरचंदाच्या झाडाच्या आठवणीसाठी. या झाडामागे एक कथा आहे. मिसरमध्ये दास्यात असलेल्या इस्राएली स्त्रिया शेतात जाऊन सफरचंदाच्या झाडांखाली गुपचूप प्रसूत होत, असे ताल्मुदात अन्यत्र सांगितले आहे. फॅरोने मुलगे मारण्याची आज्ञा दिलेली असताना जन्म चालू ठेवणाऱ्या बायकांची ही आठवण आहे.

आता दोन्ही रब्बींपैकी बरोबर कोण? आपल्या परीक्षापद्धतीत हा प्रश्न दोन गुणांचा झाला असता. ताल्मुदात अबाये हा चौथ्या शतकातील बाबिलोनी पंडित यावर जे म्हणतो ते कोणाही साहित्याभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तो म्हणतो, म्हणून हरोसेत आंबटही करावे आणि घट्टही करावे. आंबट सफरचंदाच्या आठवणीसाठी आणि घट्ट चिखलाच्या आठवणीसाठी. मतभेदाचा निकाल त्याने लावला नाही. त्याची पाककृती करून टाकली. पुरुषांच्या खांद्यावरचे श्रम आणि बायकांनी झाडाखाली केलेले धाडस, दोन्ही एका वाटीत कालवले गेले आणि एकाच घासात तोंडात गेले. ज्या तक्त्यात 'हरोसेत : चिखल' एवढेच लिहिले जाते, त्या तक्त्यातून नेमक्या त्या बाया वगळल्या जातात. आमचा राग केवळ पद्धतीवर नाही, तो या वगळण्यावरही आहे.

मात्झाची गोष्ट याहून पुढची आहे. वल्हांडणाच्या रात्री कुटुंबाने एकत्र बसून जो क्रमबद्ध विधी करायचा त्याला सेदर म्हणतात आणि त्या वेळी वाचायच्या पोथीला हगादा. या पोथीच्या आरंभी मात्झा उचलून तिची ओळख करून दिली जाते, ती पूर्वजांनी मिसरमध्ये खाल्लेली दैन्याची भाकर म्हणून. त्याच रात्री, त्याच पोथीत, थोड्या वेळाने तीच मात्झा पुन्हा उचलली जाते आणि सांगितले जाते की, सुटकेच्या घाईत पूर्वजांच्या कणकेला फुगायला वेळ मिळाला नाही, म्हणून ही भाकर. एकदा गुलामीची, एकदा सुटकेची, भाकर तीच. तक्ता करणाऱ्याने येथे कोणता रकाना भरावा? शिवाय तिसरे एक वाचन आहे. अनुवादाच्या पुस्तकात 'दैन्याची भाकर' असे जिचे वर्णन येते, त्यातील मूळ हिब्रू शब्दावर श्मुएल या पंडिताने श्लेष साधला आहे. त्याच्या मते ती अशी भाकर आहे की, जिच्यावर पुष्कळ काही बोलले जाते, उत्तरे दिली जातात. मात्झाचा अर्थ काय, या प्रश्नाला 'जिच्यापुढे बसून अर्थांविषयी बोलायचे ती' असे उत्तर देणारी ही परंपरा आहे.

आणखी एक तपशील, जो आध्यात्मिक विवेचनांतून सहसा गळतो, कारण तो स्वयंपाकघरातला आहे. मात्झा करण्यासाठी जी पाच धान्ये चालतात, नेमकी तीच पाच धान्ये आंबून निषिद्धही ठरू शकतात. जे आंबूच शकत नाही, उदाहरणार्थ तांदूळ, त्याची मात्झा होत नाही, असा ताल्मुदाचा निर्वाळा आहे. पिठाला पाणी लागल्यापासून साधारण १८ मिनिटांच्या आत भाकर भाजून निघाली पाहिजे, ही पुढे रूढ झालेली मर्यादा. म्हणजे निषिद्ध आणि विहित यांत पदार्थाचा फरक नाही. फरक आहे वेळेचा आणि हातांच्या लगबगीचा. 'मात्झा म्हणजे नम्रता' हे सुभाषित लिहायला सोपे आहे. पण जो अर्थ आहे तो त्या १८ मिनिटांत कणीक मळणाऱ्या हातांना आधी कळतो.

आता नववर्षाच्या ताटाकडे येऊ. येथे तर तक्त्याची पूर्ण फजिती होते. ताल्मुदात अबायेच्याच नावावर एक सूचना आहे : शकुनाला अर्थ असतो असे मानले, तर माणसाने वर्षारंभी दुधी, रुबिया, लीक, बीट आणि खजूर यांची सवय ठेवावी. हे पदार्थ पाहावेत की खावेत, याबद्दल ताल्मुदातील दोन स्थळांत पाठभेद आहे. आणि हेच का, याचे कारण तेथे दिलेलेच नाही. कारणे मागाहून आली. एका परंपरेने ती शब्दांत शोधली. लीकचे नाव 'कार्ती', त्यात 'कापले जावोत' असा ध्वनी, म्हणून वैऱ्यांच्या नाशाची प्रार्थना, बीट म्हणजे 'सिल्का', त्यात 'दूर होवोत', रुबियात 'वाढो'. दुसऱ्या टीकाकारांनी साधे कारण दिले की, यांतली काही पिके लवकर वाढतात आणि काही गोड असतात.

हे शब्दश्लेष आहेत. तिळगुळातल्या 'स्नेहा'त तेलही आहे आणि मायाही, हे ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकांना याचे नवल वाटायला नको. मात्र श्लेषावर उभे असलेले प्रतीक पदार्थात नसते, भाषेत असते. आणि भाषा बदलली की पदार्थही बदलतो. पूर्व युरोपातील यहुद्यांची बोली यिडिश झाली. यिडिशमध्ये 'मेरेन' म्हणजे गाजरे आणि 'मेरेन' म्हणजेच वाढणे. झाले! रुबियाचे काम गाजराकडे आले. ताल्मुदाच्या यादीत गाजर नव्हते, म्हणून कोणी ते प्रभाव किंवा भेसळ म्हणून बाजूला काढले नाही. इंग्रजी बोलणाऱ्यांत तर लेट्यूसच्या पानावर रेझिन म्हणजे बेदाणा आणि सेलरीची काडी ठेवून पगारवाढीची प्रार्थना करण्याचा विनोद प्रचलित आहे. नावे भरभर उच्चारली की इंग्रजीत ती मागणी ऐकू येते. विनोद आहे खरा. पण कार्ती आणि सिल्का यांची रीत याहून वेगळी नव्हती.

याच संदर्भात अक्रोडाची हकिकत मोठी बोलकी आहे. सोळाव्या शतकातील क्राकूवचे रब्बी मोशे इसेर्लेस यांनी वर्षारंभी अक्रोडादी कवचफळे न खाण्याच्या प्रथेची नोंद केली आहे. कारण? हिब्रू अक्षरांना संख्यामूल्ये असतात आणि अक्रोडाच्या नावाची बेरीज 'पाप' या शब्दाच्या बेरजेइतकी होते. ही बेरीज आपण स्वतः करून पाहावी. अक्रोडाची येते १७. पापाची, रूढ वर्णलेखनानुसार, १८. एक अक्षर गाळल्यावाचून हिशेब जुळत नाही. मग इसेर्लेस दुसरेही कारण देतात. कवचफळांनी कफ आणि थुंकी वाढते आणि त्यामुळे प्रार्थनेत व्यत्यय येतो. गूढार्थ आणि घसा एकाच नोंदीत, एकाच आदराने. आमच्याकडच्या तक्त्यांत पहिले कारण 'आध्यात्मिक' म्हणून राहते आणि दुसरे 'क्षुल्लक' म्हणून गळते. ही निवड इसेर्लेसांची नाही, आपली आहे. अध्यात्म म्हणजे शरीरापासून जितके दूर तितके खरे, हा आपला हट्ट आपण दुसऱ्यांच्या ताटावर लादतो.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो प्रामाणिक आहे. आमचे काही अध्यापक मित्र म्हणतात, "हे सारे ठीक, पण प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला सुरुवात तर कुठून तरी करावी लागेल? आणि यहुदी कुटुंबांतून मुलांसाठी जी पुस्तके निघतात, त्यांतही असेच तक्ते असतात." असतात खरे. परंतु ज्या घरात मूल त्या तक्त्यासमोर बसते, त्या घरात त्याच्यासमोर ताटही असते आणि प्रश्न विचारण्याची जबाबदारी विधीनेच त्याच्यावर टाकलेली असते. आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, हे सेदरमध्ये सर्वांत लहानाने विचारायचे असते. तेथे तक्ता संभाषणाचा आरंभ असतो. आपल्या वर्गात तो शेवट असतो. आणि विद्यार्थिनीने प्रश्न विचारलाच, तर काय होते ते आपण वर पाहिले.

तक्ता किती लवकर चुकतो, याचे एक अलीकडचे उदाहरण पाहा. अमेरिकेत अनेक घरांत सेदरच्या ताटात संत्रे ठेवतात. त्याचा अर्थ म्हणून एक कथा सर्वत्र सांगितली जाते : यहुदी स्त्रीवादाच्या अभ्यासक सुझाना हेशेल यांच्या व्याख्यानानंतर कोणी पुरुष उठून म्हणाला की, ताटात जितकी संत्र्याची जागा तितकीच धर्मपीठावर स्त्रीची, आणि म्हणून निषेधार्थ संत्रे. हेशेल यांनी स्वतः लिहून सांगितले आहे की, असे काही घडलेच नाही. १९८० च्या दशकात त्यांनी ही प्रथा सुरू केली ती समलिंगी आणि समाजाने कडेला लोटलेल्या इतर यहुद्यांच्या स्मरणार्थ. त्यापूर्वी काही जण याच भावनेने ताटात पावाचा तुकडा ठेवत. पण पाव ताटात आला की सारे ताटच निषिद्ध होते, आणि ही माणसे म्हणजे विटाळ असे सुचवणे त्यांना मान्य नव्हते. म्हणून संत्रे, त्याच्या बिया थुंकायच्या, त्या द्वेषाच्या. एका बाईची कृती तिच्या डोळ्यांदेखत एका अनाम पुरुषाच्या वाक्याचे उत्तर होऊन बसली, आणि जिथे तिथे तीच नोंद लिहिली गेली. दोन-तीन दशकांत असे होते, तर दोन सहस्रकांच्या पदार्थांविषयी एका ओळीत बोलण्याचा आत्मविश्वास आपल्यात कुठून येतो?

आणि आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे.

बेने इस्राएल ही कोकणातील मराठीभाषक यहुदी जमात. त्यांच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. तेलाच्या घाण्यावर पोट आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. ग्रंथ त्यांच्यापाशी उरले नव्हते. ताल्मुद नव्हता, हगादा नव्हती. 'शमा' ही प्रार्थना, सुंता, शब्बाथ आणि खाण्यापिण्याचे नियम तेवढे होते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या आणि १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या जमातीच्या इतिहासात जुन्या सणांची नावे आहेत. ती मराठी साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा मोठ्याने वाचावीत. नव्याचा सण. खिरीचा सण. बिरड्याचा सण. अनशी ढाकाचा सण. यांतला शेवटचा म्हणजे वल्हांडण. 'अनशी' हे तोंडीलावण्याच्या आंबट पाण्याचे मडके. ते या सणात झाकून ठेवायचे. मिसर, फॅरो, सुटका यांचा त्या नावात मागमूस नाही. आंबवण झाकायचे, एवढे मात्र आहे. बिरड्याचा सण म्हणजे अव महिन्याची नवमी, यरुशलेमच्या मंदिराच्या विनाशाचा उपासाचा दिवस. तो येतो श्रावणाच्या आसपास, आणि उपास सुटतो वालाच्या बिरड्यावर.

येथे आम्हीही एक अर्थ सांगू शकतो. शोकाच्या प्रसंगी मसूर खावी, कारण मसुरीला तोंड नसते आणि शोकाकुल माणसालाही तोंड नसते, असे ताल्मुदात सांगितले आहे. वालाला मात्र ठसठशीत पांढरे तोंड असते आणि बिरड्यासाठी त्याला मोड आणावे लागतात. तेव्हा कोकणातील यहुद्यांनी मुक्या शोकाला तोंड दिले, त्यातून अंकुर काढला, वगैरे वगैरे. वाचकहो, हा अर्थ किती सुरेख आहे पाहा! आणि तो आम्ही या क्षणी, या मेजावर बसून रचला आहे. कोणत्याही बेने इस्राएल आजीने तो सांगितलेला नाही. पण उद्या तो एखाद्या तक्त्यात गेला, तर परवा परंपरा म्हणून मिरवू लागेल. प्रतीकार्थ शोधणे किती सोपे आहे आणि म्हणून किती संशयास्पद आहे, हे सिद्ध करायला याहून वेगळा पुरावा नको.

अर्थ पदार्थाची किल्ली असता, तर किल्ली हरवलेल्या या माणसांच्या हाती काहीच उरायला नको होते. प्रत्यक्षात काय झाले? जमातीच्या आठवणीत दावीद रहाबी नावाच्या एका परदेशी यहुदी पाहुण्याची गोष्ट आहे. ही माणसे खरेच यहुदी आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने घरच्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे निवडले आणि उरलेले बाजूला सारले. ते आम्ही खात नाही, म्हणाल्या. रहाबीची खात्री पटली. गोष्ट दंतकथा असेल. तिचा काळही इतिहासकारांत वादग्रस्त आहे. पण जमातीने स्वतःबद्दल सांगण्यासाठी हीच गोष्ट निवडली, हे महत्त्वाचे. तीत कोणी बायकांना कारण विचारत नाही, त्याही ते सांगत नाहीत. ओळख पटते ती निवडणाऱ्या हातांवरून.

आणि मलिदा? पोहे, ओले खोबरे, साखर किंवा गूळ, वेलची, वर फळे. एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याच्या नावाने नवस फेडताना किंवा शुभकार्यात मांडलेले ताट. प्रत्येक फळावर त्याचा हिब्रू आशीर्वाद म्हणायचा आणि मग वाटायचे. शब्द फारसी वळणाचा, दर्ग्यांतूनही चालणारा. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहूचे पाऊल उमटले अशी श्रद्धा, आणि केहिमकरांच्या नोंदीत त्याच्या सणाला चक्क 'उरूस' म्हटले आहे. चर्चासत्रातील अभ्यासकाने यावर 'स्थानिक प्रभाव' अशी चिठ्ठी चिकटवली. जमातीतले काही जण उलट टोकाला जाऊन त्यात यरुशलेमच्या मंदिरातील अन्नार्पणाचा अवशेष पाहतात. दोन्ही पक्षांना एकच घाई आहे : ताट मूळचे की उसने, हे ठरवून मोकळे होण्याची. आम्ही विचारतो, यिडिशमधले गाजर मूळचे आणि कोकणी पोहे तेवढे उसने, हे कुठल्या न्यायाने? जर्मन वळणाच्या बोलीत केलेला श्लेष परंपरा ठरतो आणि मराठीत म्हटलेला नवस प्रभाव ठरतो, तेव्हा तो निर्णय पाकशास्त्राचा नसतो, सत्तेचा असतो.

या निर्णयाची किंमत काय असू शकते हेही जमातीने पाहिले आहे. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्राएलांच्या विवाहांबाबत तेथील प्रमुख रब्बीपीठाने १९६२ मध्ये वंशाची चौकशी करण्याचे निर्देश काढले आणि मोठ्या आंदोलनानंतर १९६४ मध्ये त्यांचा पूर्ण यहुदी म्हणून दर्जा मान्य झाला. त्या वादाचे मुद्दे विवाह आणि घटस्फोटाच्या कायद्याचे होते, मलिद्याचे नव्हते, हे आम्ही जाणतो. पण मूळ प्रत कुठे तरी दूर आहे आणि हे लोक तिची सदोष नक्कल आहेत, ही धारणा दोन्हीकडे सारखीच आहे. चर्चासत्रात तिच्यामुळे एक प्रश्न मरतो; बाहेर माणसांची लग्ने अडतात.

आपल्या विद्यापीठांतील मराठी विभागांनी तर याबाबत अधिकच लाज बाळगायला हवी. हगादाचे मराठी भाषांतर मुंबईत १८४६ मध्ये छापले गेले. पुण्यात १८७४ मध्ये हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर असलेली सचित्र हगादा निघाली. तिच्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून मात्झा करताना दिसतात. हा मराठी मुद्रणाचा, मराठी भाषांतराचा इतिहास आहे. आपल्या किती अभ्यासक्रमांत तो आहे? इंग्रजी विभागांत निस्सीम इझिकेल शिकवले जातात. ते बेने इस्राएल होते, हे प्रास्ताविकात एका वाक्यात उरकते. एस्थर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचल' या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अलिबागजवळच्या एका गावात एकटी उरलेली म्हातारी तिथले सिनेगॉग राखते, तिची ही गोष्ट. आणि प्रकरणांच्या आरंभी पाककृती आहेत. या पाककृती 'वातावरणनिर्मिती'साठी आहेत, असे लिहिलेली उत्तरे आम्ही स्वतः तपासली आहेत आणि त्यांना गुणही दिले आहेत. वास्तविक जेथे दहा पुरुष जमल्याशिवाय सामूहिक प्रार्थना होत नाही आणि गावात दहा यहुदी उरलेले नाहीत, तेथे चालू राहू शकणारा एकच विधी म्हणजे स्वयंपाक. पाककृती हेच त्या कादंबरीचे कथानक आहे. ते आम्हांला दिसले नाही, कारण पाककृतीत अर्थाचा रकाना नसतो.

शेवटी पुन्हा मारोर. ही कडू भाजी म्हणून मिश्ना पाच वनस्पती सांगते; त्यांत लेट्यूस पहिली, आणि ताल्मुदानुसार सर्वांत इष्ट तीच. तिच्या नावात पंडितांनी दयेचा श्लेष ऐकला : देवाने आमच्यावर दया केली. दास्याच्या कडवट भाजीच्या नावातच दया! थंड युरोपात वसंतात लेट्यूस मिळेना, तेव्हा तिखट मुळाची हॉर्सरॅडिश आली. पण या सगळ्याहून महत्त्वाचा एक नियम ताल्मुदात आहे. मात्झा न चावता गिळली, तरी कर्तव्य पार पडते. मारोर गिळले, तर पडत नाही. कडूपणा जिभेला लागला पाहिजे. तो कशाचा निदर्शक आहे हे तुम्हांला पाठ आहे, पोथी मुखोद्गत आहे, हे पुरेसे नाही.

आणि उलट बाजूही पाहा. १९४४ च्या वल्हांडणात बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत मात्झा नव्हती. होता तो निषिद्ध पाव, आणि तो नाकारणे म्हणजे मरण. तेथील रब्बींनी पाव खाण्यास सांगितले आणि खाण्यापूर्वी म्हणण्यासाठी एक प्रार्थना रचली. तुझी आज्ञा पाळण्याची आमची इच्छा आहे, पण आम्ही बंधनात आहोत. जीव राखण्याची तुझी आज्ञा पाळण्यासाठी आम्ही हे खात आहोत, असा तिचा आशय. तक्त्यानुसार त्या रात्री वल्हांडणाचे सारे काही चुकले होते. आम्हांला मात्र वाटते की, बोलल्यावाचून खायचे नाही आणि खाल्ल्यावाचून बोलायचे नाही हा सणाच्या अन्नाचा नियम त्या रात्रीइतका क्वचितच कोणी पाळला असेल.

आम्ही अध्यापक वर्षानुवर्षे मारोर गिळत आलो आहोत आणि विद्यार्थ्यांनाही गिळायला शिकवत आलो आहोत. पदार्थ, बाण, अर्थ, पुढचा प्रश्न. यापुढे असा तक्ता समोर आला, तर त्याला चौथा रकाना जोडण्याचा आग्रह आम्ही धरणार आहोत : हे कोणी, कोणाबरोबर आणि काय बोलत खाल्ले? तो भरताना उरलेले तीन पुसावे लागतील, याची आम्हांला कल्पना आहे. त्या विद्यार्थिनीचा ठावठिकाणा आम्हांला माहीत नाही. हा लेख तिच्या वाचनात आलाच, तर तिने आम्हांला एवढेच समजावे की, त्या दिवशी सभागृहातला एकमेव योग्य प्रश्न तिचा होता, आणि त्याचे उत्तर द्यायला आम्ही उशीर केला.